शेगडीची माडी

“या शेगडीला माडी बांधायची आहे,” कप्तान म्हणाले.

माझे मालक माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. आम्ही पालात जन्मलेली माणसं. भिंत म्हणजे काय, ते दुसऱ्याच्या दारात उभं राहून बघितलेलं. आणि हा माणूस आम्हाला माडी बांधायला सांगत होता, तीही शेगडीला.

“माडी म्हंजी?” मालकांनी विचारलं.

“म्हणजे वरचा मजला. ही आतली जाळी बघ. निखाऱ्याला चिकटून बसलीय. बांगडा ठेवला की कातडीचा कोळसा आणि काट्याजवळ कच्चा. मला हिच्यावर दुसरी जाळी हवी, पायांवर उभी. माशाला धग लागली पाहिजे, जाळ नाही.”

“तिवई करायची आन् तिच्यावर जाळी ठोकायची. एवढंच ना?”

“एवढंच. तुझ्याआधी ज्यानं केली, त्यालाही एवढंच वाटलं होतं. जस्त चढवलेली तार वापरली गाढवानं. शेगडी तापली आणि असा धूर सुटला, की मासा मांजरानंसुद्धा हुंगला नाही.”

“आमी तार लावत न्हाई, सायेब. सळई लावतो. निस्तं लोखंड.”

“नाव काय तुझं?”

“नाथा.”

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमची रीत. तोंडाने मी ते आजवर घेतलेलं नाही. लिहू नये असं मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही, कारण तेव्हा आमच्यात लिहिणारं कुणी नव्हतंच. म्हणून एकदा लिहिते: नाथा.

ती शेगडी म्हणजे अजब वस्तू होती. कंबरेइतकी उंच, जाडजूड चिनी मातीची, बाहेरून कैरीसारखी हिरवी आणि चकचकीत. गुप्ते कप्तान जन्मभर बोटीवर होते. म्हातारपणी दिवेआगरला नारळीच्या वाडीत येऊन राहिले, तेव्हा ही शेगडी जपानहून घेऊन आले. गाव तिला ‘कप्तानाचं अंडं’ म्हणायचं. मला काही ते पटलं नाही. मी बघितली तेव्हा ती वरून उघडी होती, तोंड वासून बसलेल्या रांजणासारखी.

“उंच किती पायजे?” मालकांनी विचारलं.

“कर एक वीतभर.”

मालकांनी वीत टाकून बघितली, सळईच्या तुकड्यावर खूण केली. तेवढ्यात कप्तानांचं लक्ष माझ्या पोटाकडे गेलं. मी खांद्यावरचा घण खाली टेकवून उभी होते.

“ही घण मारते? अशा दिवसांत?”

“मग कोन मारनार? आमच्यात घण बायकांचाच,” मालक म्हणाले.

आमच्या कामाची रीतच तशी होती. तापलेलं लोखंड सांडशीत धरून नवरा ऐरणीवर ठेवणार. त्याच्या दुसऱ्या हातात लहान हातोडी. ती जिथे ठोका देईल, तिथे बायकोने घण हाणायचा. जोराचा ठोका तर जोराचा घाव, हलका तर हलका. लोखंड सोडून नुसत्या ऐरणीवर टण्ण केलं, की थांबायचं. तोंडाने बोलायचं नाही, उलट विचारायचं नाही. माझे सासरे म्हणत, लहान हातोडी बोलते आणि घण ऐकतो. लहान हातोडी बाईच्या हातात दिलेली मी कुठल्याही पालात बघितली नव्हती.

कप्तानांनी सळया ठेवायला वाडीच्या टोकाची पडवी उघडून दिली. पूर्वी तिथे त्यांची होडी असायची, होडी विकल्यावर ती रिकामीच होती. कौलाचं छप्पर, मातीच्या भिंती आणि एक दार. दाराला आतून कडी होती. मालक सळया मोजत होते, तोवर मी ती कडी लावली. काढली. पुन्हा लावली. बाहेर समुद्र गाजत होता आणि कडी लावली की तो जरा लांब जात होता.

“काय चाललंय तुजं?” मालक म्हणाले.

“काई न्हाई.”

पण काही नाही कसं? चैत्र सरत आला होता. परवा आमची पालं उठणार होती. पावसाआधी घाट चढायचा, हे आमचं दरसालचं. या खेपेला तो मला चढायचा नव्हता.

आधीचं मूल माझं घाटातच गेलं होतं. बैल दमले की माणसांनी गाडीतून उतरायचं आणि मागून चालायचं, त्यात पोटुशी बाईसुद्धा आली. ताम्हिणीच्या एका वळणावर कळ आली. बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला. मुलगा होता. रडला नाही. करवंदीखाली पुरला आणि उन्हं उतरायच्या आत गाड्या पुढे काढल्या, कारण त्या वळणावर मुक्काम करता येत नाही. दर खेपेला तिथून जाताना करवंदीची जाळी कुठली, ते मला ओळखू येत नसे. सगळ्याच सारख्या.

कप्तान नारळ सोलून घेऊन आले. मी पदर सारखा केला आणि बोलून टाकलं.

“सायेब, पावसाळाभर आमाला या पडवीत ऱ्हाऊ द्याल का?”

मालकांच्या हातातली सळई खाली पडली. मी त्यांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते “बघू” म्हणाले असते. त्यांच्या तोंडी तो एकच शब्द असायचा.

कप्तानांनी वाडीभर नजर फिरवली. “खाऱ्या वाऱ्यानं माझं सगळं लोखंड खाल्लंय. फाटक, खिडक्यांचे गज, विहिरीचा रहाट. पावसाळाभर पुरेल एवढं काम आहे. पण आजवर आलेल्या प्रत्येक लोहारानं मला फसवलंय. तेव्हा आधी माडी. बसली तर राहा. नाही बसली तर रामराम.”

“बघू,” मालक म्हणाले.

*

पालावर परत आलो, तेव्हा माझी सासू भाकरी थापत होती. तिचं नाव लाडाबाई. लाड मात्र तिने जन्मात कुणाचे केले नाहीत. सासरे गेल्यापासून गाड्या कधी जुंपायच्या आणि कुठे सोडायच्या, हे तीच ठरवायची. मालकांनी तिला सांगितलं. तिने भाकरी उलटली, मग माझ्याकडे बघितलं.

“माडी बांधनार म्हनं तू.”

“माडी शेगडीची हाय, आत्याबाई.”

“आन् तू कुटं ऱ्हानार?”

“पडवीत. पाऊस सरंस्तोवर. मला घाट चढवनार न्हाई.”

“मी ह्याला घाटातच काढला,” मालकांकडे बोट करून ती म्हणाली. “वर पोचल्यावर भाकरी मीच केली. पुसून बघ त्याला.”

“त्यास्नी कसं आठवंल?” मी म्हणाले.

मालक हसले. सासू हसली नाही. “एकल्या पालाला कुत्रं बी भुकतं, पोरी. आपल्या बायका जवळ नसताना बाळंत व्हनार? रात्रीअपरात्री कळा आल्या तर हाक कुनाला मारशील? माडाला?”

तिचं खोटं नव्हतंच. मी मालकांकडे बघितलं. ते गाडीच्या चाकाला वंगण लावत होते. पालं उठायची म्हटलं की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. जू तपासायचं, घुंगरं बांधायची, बैलांशी बोलत बसायचं. घाटाखालचा आणि घाटावरचा एकेक मुक्काम त्यांना पाठ. कुठल्या ओढ्याला वैशाखातही पाणी असतं, कुठल्या गावचा पाटील पालं ठोकू देत नाही, सगळं. तो माणूस एका पडवीत कसा राहील, हे मलाही कळत नव्हतं. तरी मला ती कडी हवी होती.

“तुजं काय म्हननं हाय, नाथा?” सासूने विचारलं.

“बघू,” ते म्हणाले. “आदी जाळी तर बसू दे.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच कप्तानांच्या अंगणात, उंडीच्या झाडाखाली भट्टी लावली. मालकांनी पट्टी तापवून कडं वळवलं, शेगडीच्या तोंडाइतकं गोल. त्यावर सळया बसवल्या, रिबिटा ठोकून जोडल्या. मग तिवईला असतात तसे खाली फाकत जाणारे तीन पाय, वीतभर उंचीचे. ठोका पडेल तिथे मी हाणत होते. जाळी अशी झाली, की तिच्यावर हंडा ठेवला असता तरी हलली नसती. दुपारी मालकांनी तिला तेल पुसलं, शेगडीत उतरवली आणि हात झटकून बाजूला झाले.

सासू गावातून पीठ दळून आणताना आम्हाला जेवायला बोलवायला आली होती. तीही बघत उभी राहिली. तिलाही काम आवडलेलं दिसलं, कारण तिने खोड काढली नाही.

कप्तानांनी जाळी हलवून बघितली. “वा! आता झाकण आणू.”

“झाकन?” मालक म्हणाले.

“मग? झाकणाशिवाय शेगडी?”

न्हाणीच्या मागे गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं एक धूड त्यांनी आणि मालकांनी उचलून आणलं. तशीच हिरवी चिनी माती, वर निमुळतं होत गेलेलं. बिजागरी गंजून तुटली म्हणून कप्तानांनी ते काढून ठेवलं होतं. शेगडीवर धरलं, तेव्हा मला समजलं, गाव तिला अंडं का म्हणतं.

झाकण बसलं नाही. आमच्या जाळीवर टेकून राहिलं, पिलांवर बसलेल्या कोंबडीसारखं. खाली चारी बाजूंनी मूठ जाईल एवढी फट.

“इस्तवाला झाकन,” मालक हळूच म्हणाले. “इस्तवाला कोन झाकन घालतं?”

ती आमची चूक होती आणि ती आमच्याच हातून होण्यासारखी होती. आमच्यात विस्तवाचं तोंड कधी झाकत नाहीत. भट्टी विझवतसुद्धा नाहीत, ती आपणहून निवते, मग राख कपाळाला लावून उठायचं. चूल आम्ही जन्मभर उघड्यावरच बघितलेली. तिला छप्पर असेल, हे मनातच आलं नाही.

“झाकण घातल्यावर वरूनही धग लागते,” कप्तान समजावत होते. “आणि विझत नाही. हे बघ, वर भोक आहे, खाली दार आहे. श्वास घेते ती.”

सासूने कानांना हात लावला. “इस्तवाचा गळा दाबनारं घर हाय हे. आन् हितं बाळंतपन करनार? चल केरा. चल नाथा. पसारा आवरा. सकाळच्याला जुंपायचं हाय.”

“झाकण तुम्हाला आधीच दाखवायला हवं होतं,” कप्तान म्हणाले. “ती माझी चूक. पण माडी बसली नाही, हेही खरंच.”

मालकांनी जाळी बाहेर काढली. ते रागावले की तोंडाने बोलत नसत, हत्यारं आवरायला घेत. सांडशी पिशवीत गेली. छिन्नी गेली. मला वाटलं, झालं. उद्या बोर्ली, मग म्हसळा, मग माणगाव, मग तो घाट.

“सायेब,” मी म्हणाले, “अजून आमची पालं उठली न्हाईत.”

“म्हणजे?”

“दुसरी करतो. पन आदी झाकनाच्या आत जागा किती हाय, ते बघू द्या.”

“ते कसं बघणार? झाकल्यावर आत दिसतं कुठे? मी पट्टी घालून मोजायला जातो, तर झाकण मिटत नाही.”

मी सासूच्या गाठोड्यातलं पीठ काढलं. पाणी घालून घट्ट मळलं. नारळाच्या झावळीतल्या हिरांचे तुकडे तोडले, लहान-मोठे, आणि खालच्या जाळीत पिठाच्या गोळ्यांवर उभे केले. एक मधोमध, बाकीचे कडेने. प्रत्येकाच्या टोकाला मऊ पिठाचा एकेक गोळा खोचला.

“अन्नाचा खेळ मांडलाय हिनं,” सासू म्हणाली.

“मांडू दे,” मालक म्हणाले. सांडशी त्यांच्या हातात तशीच राहिली होती.

“आता झाका,” मी म्हणाले.

दोघांनी झाकण सावकाश खाली सोडलं आणि तसंच सरळ वर उचललं. आतले गोळे चेपले होते. मधला होता तसाच उभा, वीतभर. कडेचे मात्र पार खाली दबून चार बोटांवर आले होते. झाकणाच्या आतला सगळा उतार त्या पिठात उमटला होता.

मालक वाकून बघत राहिले. मग खो खो हसले. कितीतरी महिन्यांत ते असे हसले नव्हते.

“म्हंजी माडी तळमजल्यापरीस लहान ठिवायची! आन् वर आखडत न्यायची.”

“घराची माडी तशीच असते, नाथा,” कप्तान म्हणाले.

“आमाला काय ठावं, सायेब? आमच्या पालाला ती असती व्हय?”

सासू मात्र पिठाकडे बघत होती. “चांगलं पीठ नासलं,” एवढंच म्हणाली आणि निघाली. फाटकाजवळ थांबून मागे न बघता बोलली, “सकाळी मी जुंपनार. तुमी आलात तर आलात.”

*

सकाळी आम्ही भाता फुंकत होतो, तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर घुंगरं वाजली. गाड्या भरून आल्या होत्या. दीर, जावा, पोरं, कोंबड्यांच्या डालग्या. सगळ्यात पुढच्या गाडीत सासू. आमची गाडी सगळ्यात मागे होती, तीही भरलेली, जुंपलेली. सासूनेच ती भरून घेतली होती. मालकांनी एकदा बैलांकडे बघितलं. बैलांनीही बघितलं असेल.

नवं कडं लहान केलं होतं. सळया बसल्या होत्या. पाय या खेपेला आखूड आणि सरळ. प्रत्येक पायाच्या टोकाला खाच पाडायची होती, म्हणजे तो खालच्या जाळीच्या गजावर घोड्यावर बसल्यासारखा बसेल आणि सरकणार नाही. दोन पाय झाले. तिसरा भट्टीत लाल होत होता.

“नाथा,” सासूने गाडीतून हाक मारली. “उन्हं चढत्यात.”

मालकांनी पाय बाहेर काढून ऐरणीवर ठेवला. ठोका पडला. मी घण उचलला आणि हाणला. पुन्हा ठोका. पुन्हा हाणला. तिसऱ्या वेळी घण वर नेला आणि ओटीपोटात काहीतरी ताणलं गेलं. मोठी कळ नव्हती. पण घाटातल्या त्या वळणावर पहिल्यांदा असंच झालं होतं. घण खाली आला तो कसाबसा, लोखंडाच्या कडेवर.

मालकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि हातोडी ऐरणीवर मारली. टण्ण.

थांब.

काम अर्धं होतं. लोखंड लाल होतं. असल्या वेळी थांबायची खूण त्यांनी कधीच केली नव्हती. मी समजले. त्यांनी ठरवलं होतं. मला गाडीत बसवणार, आपण पुढे चालणार, घुंगरं वाजणार. मी घण खाली ठेवला. रस्त्याकडे बघवेना, म्हणून पडवीकडे बघितलं. दार उघडंच होतं.

“हं. या मग,” सासू म्हणाली.

मालक उठले. ऐरणीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. घण उचलून आपल्या खांद्यावर घेतला. मग सांडशी आणि लहान हातोडी माझ्यापुढे धरली.

“बस तितं,” ते म्हणाले. “तू दाव. मी हानतो.”

मी हात पुढे केला नाही. रस्त्यावर एक जाऊ हसली. मग कुणीच हसलं नाही.

“नाथा!” सासू गाडीत उभी राहिली. “बायकोच्या ठोक्यावर घण हाननार तू? समद्या पालांदेखत?”

“आई,” मालक म्हणाले, “लोखंड निवतंय.”

मी बसले. सांडशीत पाय धरला. हातोडी हलकी असते असं मला वाटायचं. ती हलकी नव्हती. कुठे मारायचं ते मला ठाऊक होतं, जन्मभर मी तिच्याकडेच बघत आले होते. तरी पहिला ठोका चुकीच्या जागी पडला. मालकांनी तिथेच हाणला, अंगातलं सगळं बळ लावून. चूक आहे हे त्यांना दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण घण विचारत नाही.

“अगं, तिरपं धर!” गाडीतून आवाज आला. “तिरपं, केरा! सरळ धरून खाच पडती व्हय?”

मी तिरपं धरलं. ठोका दिला. घाव पडला. ठोका. घाव. सासू रस्त्यावरून ओरडत होती, “आता उलटं कर. आता हळू. हळू म्हनलं ना, फुटंल!” आणि मालक माझ्या हाताकडे बघून घण मारत होते. त्यांचा घाम तापल्या लोखंडावर पडून चर्र होत होता. खाच पडली. मी ऐरणीवर हातोडी मारली. टण्ण.

ते थांबले.

कप्तानांनी आणि त्यांनी झाकण उचलून आणलं. माडी आत उभी राहिली होती. झाकण खाली आलं आणि कडेला कड लागली. आवाजसुद्धा झाला नाही.

“बसली,” कप्तान म्हणाले.

सासू गाडीतून उतरून आली होती. तिने झाकणावर हात फिरवला, वरच्या भोकापाशी बोट नेऊन बघितलं, वारा येतो का ते. मग माझ्यापाशी आली आणि माझं पोट चाचपलं.

“खाली न्हाई आलं अजून. जड उचलू नगंस. पोर झालं की केरात ठिव आन् मग उचल, इसरू नगंस. तुज्या आईनं तसंच केलं म्हनून तू जगलीस, आन् नाव केरा पडलं.” मग मालकांकडे वळली. त्यांच्या खांद्यावरचा घण बघून तिने मान हलवली. “बैल मी नेते. हितं त्यास्नी काय काम?”

“न्हे,” मालक म्हणाले.

त्यांनीच आमच्या गाडीतली दोन गाठोडी आणि भांडी उतरवली. बैलांच्या कपाळावर हात ठेवला. मग दिरांनी आमची गाडी हाकली. घुंगरं बोर्लीच्या रस्त्याला लागली. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत मालक फाटकात उभे होते, आणि त्यानंतरही होते.

कप्तानांनी दुपारी बांगडे भाजले. कातडी कुरकुरीत, आतून दूध. पानावर वाढून आम्हाला आणून दिले. मी काटे चाटून खाल्ले. मालकांनी अर्धा ठेवला.

संध्याकाळी आम्ही पडवीच्या दारात बसलो. आत कडी होती. मला ती लावायची घाई झाली होती, पण मालक उंबऱ्यावरच बसून राहिले, म्हणून मीही बसले.

अंधार पडल्यावर ते म्हणाले, “आता म्हसळ्याच्या अलीकडं वढा हाय ना, तितं सोडलं असंल. आईनं चूल मांडली असंल.”

“आन् उद्या?” मी विचारलं.

“उद्या माणगाव. बाजार हाय, ईळं-कोयतं खपतील.”

“परवा?”

“परवा निजामपूर. मग इळे गाव. मग घाट.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पुन्हा सांगितलं, गाड्या आज कुठे असतील. तिसऱ्या दिवशीही. घाट चढून गाड्या माथ्यावर पोचल्या असतील, त्या संध्याकाळी ते फाटकापर्यंत जाऊन आले. पुढे पाऊस लागला. श्रावणात मुलगी झाली, कडी लावलेल्या दाराआड, आणि रडली ती कप्तानांच्या घरापर्यंत ऐकू गेली. मी तिला केरात ठेवलं आणि उचललं. दिवाळीनंतर सासू आली, नातीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, म्हणाली, “डोळे नाथाचे हायेत. पाय कुनाचे, ते मोठी झाली की कळंल.”

आम्ही एका पावसाळ्यासाठी राहिलो होतो. मग फाटक झालं, रहाट झाला, गावातली कामं यायला लागली. सासू दर चैत्रात रस्त्यावर गाडी थांबवून विचारायची, “येतोस का, नाथा?” आणि मालक म्हणायचे, “बघू.” मग गाड्या जायच्या. तिने विचारायचं सोडलं नाही आणि ते कधी गेले नाहीत. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. मीही कधी विचारलं नाही, की जावंसं वाटतं का. पण गाड्या गेल्या की त्या संध्याकाळपासून ते दारात बसून सांगू लागायचे, आणि मी विचारत राहायचे. उद्या? परवा? मला सगळे मुक्काम पाठ होते. त्याच वाटेने मी चालले होते. तरी विचारायचे, कारण सांगताना त्यांचा आवाज वेगळा व्हायचा. बैल जुंपल्यासारखा.

सासू गेली, मग गाड्याही गेल्या. आता टेंपो येतात, ते थांबत नाहीत. मालक गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. वैशाखात गेले, उन्हात, बोलता बोलता.

जन्मभर मला एकाच जागी राहायचं होतं. राहिले. आता चैत्र आला, लांब कुठे घुंगरू वाजलं, कुणाच्या म्हशीच्या गळ्यातलं असलं तरी मी उठून उभी राहते. लेक म्हणते, “आई, कुठं निघालीस?” मी परत बसते.

संध्याकाळ झाली की दारात बसून विचारते, “आज कुठं?”

आणि गप्प राहते. सांगायचं काम त्यांचं होतं.